ब्रिजिड / ब्रीड हे आयरिश नाव: अर्थ काय, आणि आता मुलींना कोणी ठेवत का नाही?

निशिगंध:
माझी बहीण डब्लिनला असते, नवरा आयरिश आहे, आणि मे महिन्यात तिला बाळ होणारे. मुलगी झाली तर त्याच्या आजीचं नाव ठेवायचं असं दोघांच्या मनात आहे, आजी होत्या ब्रीड, कागदावर ब्रिजेट. पण त्याच्या आईलाच ते नकोय, म्हणते म्हाताऱ्या बायकांचं नाव वाटतं, शिवाय शाळेत पोरं 'बिडी' (ब्रिजेटचं लघुरूप) म्हणून चिडवतील. तिकडच्या लहान मुलींमध्ये नीव, आयफा, सिअर्शा, फिआ अशी नावं भरपूर ऐकू येतात, ब्रीड एकही नाही म्हणे. मग फेब्रुवारीत सुट्टी कशी आहे हिच्या नावाने? अर्थ आणि इतिहास कुणाला माहीत असेल तर नीट सांगा प्लीज.

जुनीवही:
अर्थ तर इतका भारी आहे की आपल्याला लगेच पटेल. मूळ केल्टिक शब्द 'उंच, थोर' असा आहे आणि संस्कृतमधली 'बृहती' त्याच मुळातून आलीये, म्हणजे भाषेच्या नात्याने ही चुलत बहीणच झाली.

आधी ही देवी. जुन्या आयरिश ग्रंथात ती दग्दा देवाची मुलगी, कवी तिची पूजा करायचे, आणि तिच्या दोन बहिणींचं नावही ब्रिजिडच, एक वैद्यकीची आणि एक लोहारकामाची. मग पाचव्या-सहाव्या शतकातली संत ब्रिजिड, आयर्लंडमधल्या किल्डेअरच्या मठाची. पॅट्रिक आणि कोलमकिल यांच्या जोडीने आयर्लंडच्या तीन मुख्य संतांत ती एकटी बाई. तिचा दिवस १ फेब्रुवारी, जुन्या काळी वसंत सुरू व्हायचा दिवसही तोच, त्यामुळे देवी कुठे संपते आणि संत कुठे सुरू होते हे वेगळं काढताच येत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो किल्डेअरचा अग्नी. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय की तिथे एकोणीस जोगिणी आळीपाळीने एकेक रात्र अग्नी राखायच्या आणि विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं ठेवून म्हणायची, ब्रिजिड, आजची पाळी तुझी, तुझा अग्नी तू सांभाळ. सकाळी लाकडं जळलेली आणि अग्नी तसाच. भोवती कुंपण, आत पुरुषाला पाऊल टाकायची बंदी. पुढे तो विझला, १९९३ साली किल्डेअरला परत पेटवला.

सुट्टी २०२३ पासून आहे, फेब्रुवारीचा पहिला सोमवार (१ तारीख शुक्रवारी आली तर शुक्रवारीच). बाईच्या नावाने असलेली तिथली पहिली सार्वजनिक सुट्टी.

पाऊसपाणी:
मागे का पडलं ते मी सांगतो, कारण हा भाग लोक गाळतात आणि मला त्याचा फार राग येतो.

सुरुवातीला तर हे नाव इतकं पवित्र होतं की थेट ठेवायचेच नाहीत, 'ब्रिजिडचा सेवक' अशा अर्थाची नावं असायची, आपल्याकडे रामदास असतो तशी. मॅकब्राइड, किलब्राइड ही आडनावं त्यातलीच. पुढच्या काळात मुलींना सरळ ब्रिजेट ठेवायला लागले आणि मग घरोघरी झालं. १९११ च्या आयरिश जनगणनेचे फॉर्म ऑनलाइन फुकट आहेत, पश्चिमेकडचं कुठलंही गाव उघडा, घरच्यांनी हाताने भरलेली ओळीवर ओळ, मेरी, ब्रिजेट, मेरी, ब्रिजेट.

पण मधे १८४५ नंतरचा दुष्काळ आला आणि लाखो लोक अमेरिकेला गेले, त्यात एकट्या निघालेल्या तरुण मुली खूप, आणि बऱ्याच जणी न्यूयॉर्क-बॉस्टनच्या श्रीमंत घरांत मोलकरणी झाल्या. इतक्या ब्रिजेट की मालकिणी कुठल्याही आयरिश बाईला सरसकट ब्रिजेट नाहीतर बिडी म्हणायला लागल्या, व्यंगचित्रांत बिडी म्हणजे भांडी फोडणारी अडाणी बाई. मग मुली स्वतःच नाव बदलायला लागल्या, डिलिया वगैरे, आणि लेकींना तर ठेवलंच नाही. आयर्लंडमध्येही हळूहळू ते गावाकडचं, आजीचं नाव झालं. पुढे आयरिश नावांची आवड परत आली तेव्हा लोकांनी नीव, आयफा उचलली, हिला नाही. २०२१ ला तर फिआ मुलींमध्ये पहिल्या नंबरवर होतं.

म्हणजे नावात खोट काहीच नव्हती, ज्या बायका ते नाव घेऊन राबल्या त्यांना लोकांनी कमी लेखलं. माझं स्पष्ट मत, ठेवाच.

मीनल_रा:
एक भर घालते. १ फेब्रुवारीच्या आदल्या संध्याकाळी तिकडे लव्हाळ्याचा क्रॉस विणतात. लव्हाळे कापायचे नाहीत, उपटायचे, मग एक उभा धरून दुसरा त्यावर दुमडायचा, पाव वळण फिरवायचं, परत पुढचा, आणि शेवटी चारही टोकं बांधायची. दारावर वर्षभर राहतो. बारशाला पाळण्यावर लावायला मस्त.

निशिगंध:
बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी. पाऊसपाणी, तुमचं उत्तर जसंच्या तसं बहिणीला पाठवलं. आता स्पेलिंगचा प्रश्न, ब्रिजिड की ब्रीड?

जुनीवही:
ब्रिजिड हे इंग्रजी वळणाचं, ब्रीड आयरिश. जुन्या आयरिश स्पेलिंगमध्ये मधे 'जीएच' असायचं, उच्चार होत नाही, आता बहुतेक गाळतात. आजींचं ठेवायचं तर ब्रीड घ्या, पण 'आय'वरची तिरकी रेघ जन्मदाखल्यावर आठवणीने लिहून घ्या, उच्चार लांबतो तो तिच्यामुळेच.