बीकेसीचं कौतुक करा, पण बेलापूरला शिव्या कशाला?

खाडीपलीकडचा
काल इथे कोणीतरी बीकेसीचे (वांद्रे-कुर्ला संकुलाचे) ड्रोनने काढलेले फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'याला म्हणतात नियोजन. नाहीतर सिडकोचं बेलापूर! नाव सीबीडी (मध्यवर्ती व्यापारी केंद्र) आणि संध्याकाळी सात वाजता शुकशुकाट.' त्यावर वा-वा करणारेही भरपूर. म्हणून जरा सविस्तर.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली. तिचा गाभा घरं नव्हता, कचेऱ्या होत्या. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेला धावते, ते थांबवायचं तर नोकऱ्याच पूर्वेला न्यायच्या आणि त्यात सरकारने आधी स्वतः जायचं. १९७० ला हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आणि त्याच दशकात त्याच सरकारने बॅकबेला भराव टाकून नरिमन पॉइंटला टॉवर उभे राहू दिले. मंत्रालय जागचं हललं नाही, बेलापूरला कोकण भवन (विभागीय कचेऱ्यांची इमारत) धाडून दिलं. वाशीला लोकल कधी पोचली? १९९२ ला! २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले खाक झाले, तेव्हा तरी निघायचं होतं. नाही. २०२३ ला मंत्रिमंडळाने १,६०१ कोटींना एअर इंडियाची इमारत घ्यायला मंजुरी दिली, तीही नरिमन पॉइंटलाच. आता बोला, आराखडा चुकला की आराखडा करणाऱ्यानेच तोंड फिरवलं?

मिठीकाठ
हे मंत्रालय-पुराण दर पावसाळ्यात निघतं. कंपन्या सचिवांच्या मागे फिरत नाहीत हो. मालक बांद्रा-जुहूला राहतो, विमानतळ जवळ लागतो, झालं. भारत डायमंड बोर्स (हिऱ्यांचा बाजार) २०१० ला बीकेसीत सुरू झालं आणि हिरेवाले ऑपेरा हाउसहून आले, कारण ते त्यांच्या सोयीचं होतं. सुरतला त्याहून मोठं बोर्स बांधलं, डिसेंबर २०२३ ला थाटात उद्घाटन झालं. मुंबईचा बाजार उठून गेला का तिकडे? इमारत बांधली म्हणून धंदा येत नाही.

खाडीपलीकडचा
मग मस्जिद बंदरचा धान्य-मसाल्याचा घाऊक बाजार वाशीला कसा आला? स्वखुशीने? केवढी ओरड केली होती व्यापाऱ्यांनी. नियम केला आणि हलवला. आज तिथल्या एपीएमसीत (बाजार समितीत) पाय ठेवायला जागा नाही. गोणीवाल्यांना हलवायला कायदा चालतो, सचिवांना हलवायला चालत नाही, एवढंच म्हणणं आहे माझं.

मिठीकाठ
एपीएमसीचा मुद्दा मान्य. टाळ्या. बाकी नाही.

कुर्ला_पश्चिम
बीकेसीला नियोजन म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी साडेनऊला कुर्ल्याला उतरून दाखवावं. पुलावरून खाली येईपर्यंत घामाची आंघोळ, मग शेअर रिक्षाच्या रांगेत. मागे तीन सीट, चौथा ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून, एक पाय बाहेर. मीटर टाका म्हटलं की मान फिरवतात. ३१० बस आली तर दाराला लटकलेली. १९७७ ला एमएमआरडीएच्या (महानगर विकास प्राधिकरणाच्या) हातात ही जागा दिली आणि मेट्रो आली ऑक्टोबर २०२४ ला. सत्तेचाळीस वर्षं लोकांनी काय उडत जायचं होतं? पावसात तर हे रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. लूट आहे सरळसरळ.

तीन_सीट
ताई, माझे बाबा त्याच स्टँडवर रिक्षा लावतात. लूट? सीएनजीच्या रांगेत एक तास, सिग्नलला अर्धा तास, आणि बीकेसीत सीट उतरवायला थांबलं की पावती. एवढे काचेचे टॉवर बांधले, बाहेर रिक्षा उभी करायला हक्काची जागा किती ठिकाणी ठेवली? तुमच्या ऑफिसच्या गेटवरचा गार्ड काठी आपटतो, मग आम्ही रस्त्याच्या मधोमध सीट सोडतो.

कुर्ला_पश्चिम
म्हणून मीटर टाकायचं नाही? रात्री नऊला 'कुर्ला नाय जानार' म्हणतात, ते गार्डमुळे का? एकदा भर पावसात मला मधेच उतरवलंय, रिकामी रिक्षा दुसरं भाडं घेऊन गेली. तुमच्या बाबांना काही म्हणत नाही, पण बाकीच्यांची वकिली नका करू.

तीन_सीट
रात्री नऊला कुर्ल्याहून परतीची सीट मिळते का, ते विचारा आधी. आणि ज्यांची वकिली करायला कोणी नाही त्यांचीच करतोय.

जुना_आराखडा
रिक्षा राहू द्या, सायकल ट्रॅक आठवा. बीकेसीत हौसेने केला, त्यावर बाइका लागल्या, आणि आता रस्ता रुंद करायचा म्हणून तोच काढायचं ठरवलं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा मिठी नदीने हिशोब मागितलाच होता. नदीच्या काठावर, खारफुटीच्या जागेवर भराव टाकून केंद्र उभारलंत, त्याचे ड्रोन फोटो छानच येणार.

मिठीकाठ
आणि नवी मुंबई काय डोंगरावर बांधली? तिथेही खाडीच भरली.

दास्तान_फाटा
तुमचं बेलापूर की बीकेसी चालू द्या. आमच्या जमिनी गेल्या त्या या आराखड्यासाठी. जानेवारी १९८४ ला पाच जण आंदोलनावरच्या पोलिस गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. त्या भूखंडासाठी माझ्या वडिलांनी टेबलं झिजवली. मंत्रालय इकडे येणार म्हणून आजोबांना सांगून जमीन घेतली होती. आलं कोण? बिल्डर. नियोजन चांगलं होतं म्हणता ना खाडीपलीकडचे साहेब, कोणासाठी ते पण लिहा.

खाडीपलीकडचा
यावर वाद घालणार नाही. पण मंत्रालय आलं असतं तर तुमच्या पोरांना गावाशेजारीच नोकऱ्या असत्या, हेही खोटं नाही.

दास्तान_फाटा
हो, शिपायाच्या.

मिठीकाठ
बरं, हलवा मंत्रालय. अटल सेतू आहेच. साहेब लोक कुलाब्यात राहतील, २१.८ किलोमीटर पूल ओलांडून बेलापूरला येतील, संध्याकाळी परत. खाजगी गाडीला एका वेळचा टोल २५० रुपये, त्यांना तोही नाही. गर्दीची दिशा बदलली, अभिनंदन.

खाडीपलीकडचा
म्हणूनच त्यांचे बंगलेही इकडेच बांधा म्हणतोय. आणि रिक्षावर वेगळा धागा काढा, हात जोडतो.

कुर्ला_पश्चिम
वेगळा कशाला? स्टेशनपासून ऑफिसपर्यंत माणूस कसा पोचणार हे ज्याला सुचलं नाही, त्याने कसला आराखडा केला? @तीन_सीट, मेट्रोच्या दारातच स्टँड दिला तर मीटरने येणार का?

तीन_सीट
स्टँड तर द्या आधी. बाबांना विचारून सांगतो.