'द ऑफिस'ची घसरण नेमकी कुठून सुरू झाली?

रातांबा (फोंडा):
अमेरिकन 'द ऑफिस' म्हणजे स्क्रँटन शहरातल्या कागद विकणाऱ्या कंपनीच्या शाखेवरची, माहितीपटासारखी चित्रित केलेली विनोदी मालिका. तिचा विषय निघाला की "स्टीव्ह कॅरेल गेला आणि मालिका संपली" हे वाक्य ठरलेलं. मला ते पटत नाही. कॅरेलच्या मायकल स्कॉटचा, म्हणजे शाखेच्या मॅनेजरचा, निरोप २८ एप्रिल २०११ ला, सातव्या पर्वात झाला. त्याआधी दीडेक वर्ष मालिका तेच दळण दळत होती.

२००५ मध्ये सुरू झाली तेव्हा ती तीन टांगत्या प्रश्नांवर चालायची. स्क्रँटनची शाखा बंद पडणार का? विक्रेता जिम आणि रिसेप्शनिस्ट पॅम यांचं जमणार का? आणि सगळ्यांनी आपल्याला मित्र मानावं म्हणून धडपडणाऱ्या मायकलला कोणी खरंच आपलं म्हणणार का? भागात काहीही घडो, मागे यांतला एखादा प्रश्न जागा असायचा, म्हणून हसताना पोटात तुटायचंही. सहाव्या पर्वात, ऑक्टोबर २००९ मध्ये, जिम-पॅमचं नायगराला लग्न लागलं. त्याच पर्वात सेबर नावाच्या दुसऱ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली आणि शाखेवरची तलवार गेली. दोन प्रश्न एका पर्वात सुटले, त्यांच्या जागी नवं काहीच आलं नाही. मग दोन डझन भाग भरायचे कशाने? मायकलने सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत गोळा करायचं, भलतंसलतं बोलायचं, विक्रेता स्टॅन्लीने शब्दकोडं सोडवत बसायचं, जिमने कॅमेऱ्याकडे बघायचं. दुसऱ्या पर्वातही मांडणी हीच होती, पण त्या खोलीतून बाहेर पडताना कोणाचं तरी काहीतरी बदललेलं असायचं.

दुसरं कारण पडद्यामागचं. मालिका घडवणारा ग्रेग डॅनिएल्स आणि लेखक मायकल शूर यांनी २००९ मध्ये 'पार्क्स अँड रिक्रिएशन' उभी केली, आणि 'ऑफिस'चा रोजचा कारभार दुसऱ्यांच्या हाती आला. मुख्य नट दोन वर्षांनी गेला, हात त्याआधीच बदलले होते.

मूळ ब्रिटिश मालिका २००१ ते २००३ चालली. सहा-सहा भागांची दोन पर्वं आणि नाताळचे दोन भाग, एकूण १४. अमेरिकन मालिकेचे २०१. मायकल विमानाकडे चालू लागला तिथे पडदा पाडायला हवा होता.

मांडवीकाठ (पणजी):
असहमत. सहावं पर्व सैल आहे, मान्य. पण तुमच्या हिशेबाने सातवं आणखी सैल व्हायला हवं, आणि ते तसं नाही. कॅरेल जाणार ही गोष्ट २०१० मध्येच जाहीर झाली होती, त्यामुळे लेखकांना शेवटचा मुक्काम माहीत होता. मायकलचं जिच्यावर प्रेम होतं त्या हॉलीला परत आणलं, मेणबत्त्यांनी भरलेल्या ऑफिसात लग्नाची मागणी झाली, वरून पाण्याचे फवारे सुरू झाले. तुमचा तिसरा प्रश्न तिथे सुटला आणि नीट सुटला. निरोपाच्या भागात मायकल एकेकाला भेटत जातो, विमानतळावर माइक काढून देतो, आणि पॅम धावत येऊन त्याला काय म्हणते ते आपल्याला ऐकूच येत नाही. थकलेल्या लेखकांच्या हातून असा प्रसंग उतरत नाही.

बिघडलं ते त्यानंतर, आणि कशाने ते नेमकं दाखवता येतं. विल फेरेलला चार भागांपुरता साहेब म्हणून आणला, बास्केटबॉलचा खांब अंगावर पाडून घालवला. मग जिमचा सहकारी विक्रेता ड्वाइट हंगामी मॅनेजर, त्याने ऑफिसात बंदूक झाडली. मग कचेरीतला विक्षिप्त म्हातारा क्रीड. सातव्या पर्वाच्या शेवटच्या भागात मॅनेजरच्या जागेच्या मुलाखतींना जिम कॅरी, विल आर्नेट, रे रोमानो अशी पाहुण्यांची रांग. एका खुर्चीसाठी इतके चेहरे दाखवले की प्रेक्षक कोणातच जीव गुंतवेना.

आठव्या पर्वात खुर्ची अँडी या विक्रेत्याला दिली, आणि अँडी लिहिला मायकलसारखाच: सगळ्यांची शाबासकी हवी, म्हणून गोंधळ घालणारा. मोठी चूक ही. मायकल मॅनेजर म्हणून वाईट असला तरी विक्रेता अव्वल होता. दुसऱ्या पर्वात चिलीज हॉटेलात गिऱ्हाइकाबरोबर वेळ घालवून तो सौदा पदरात पाडतो, त्याची वरिष्ठ जॅन बघत राहते. हा माणूस खुर्चीवर का टिकला हे तिथे कळतं. अँडीला असा एकही प्रसंग मिळाला नाही. तो तिथे का बसलाय याचं उत्तरच नाही, मग त्याच्या फजितीत धोका कसला?

सुरंगी (डिचोली):
दोघांचंही थोडं थोडं खरं. पण माणूस गेला की मालिका पडतेच, असं नाही. 'चिअर्स' ही एका बारमधली विनोदी मालिका; तिच्यातून डायान करणारी शेली लाँग १९८७ मध्ये पाच पर्वांनंतर गेली. मालिका पुढे सहा पर्वं चालली आणि १९९०-९१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आली. केलं काय ते बघण्यासारखं आहे. दुसरी डायान आणली नाही. बारचा मालक सॅम याने बार विकला, बोट घेऊन समुद्रावर गेला, बोट बुडाली, आणि परत आला तर त्याच्याच बारमध्ये रिबेका ही नवी बाई मॅनेजर. काल मालक असलेला माणूस आज नोकर. कलाकार बदलताना कोणाचं कोणावर चालतं हेच उलटं केलं, त्यामुळे जुन्या पात्रांनाही नवीन वागावं लागलं.

कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश'मध्येही तेच. फ्रँक बर्न्स हा मूर्ख, ज्याला कोणीही बनवावं. १९७७ मध्ये तो नट गेल्यावर विंचेस्टर आला: हुशार, उत्तम सर्जन, घमेंडखोर. मुख्य पात्र असलेल्या सर्जन हॉकआयला पहिल्यांदा तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाला. जाणाऱ्याच्या साच्यात नवा माणूस ओतला नाही.

उलटं उदाहरण आपल्याकडचं. 'एफ.आय.आर.' या पोलिसांवरच्या हिंदी विनोदी मालिकेत कविता कौशिकची चंद्रमुखी चौटाला गेली तेव्हा ज्वालामुखी चौटाला आणली. आडनाव तेच, वर्दी तीच. पुढे कविता कौशिकलाच परत यावं लागलं.

रातांबा:
सुरंगी, उदाहरणं चांगली आहेत, पण तुलना जुळत नाही. 'चिअर्स'मध्ये डायान गेली, सॅम होता. 'मॅश'मध्ये कितीजण बदलले, हॉकआय १९८३ च्या शेवटच्या भागापर्यंत तिथेच. दोन्हीकडे मधला खांब हलला नाही. मायकल हाच 'ऑफिस'चा खांब. तुलना करायचीच तर 'स्पिन सिटी' घ्या. त्यातला मुख्य नट मायकल जे. फॉक्स २००० मध्ये गेला, चार्ली शीन आला, दोन पर्वांत कारभार आटोपला.

मांडवीकाठ:
खांब मायकल होता, पण एकटा नव्हता. माझ्या मते आठव्या पर्वाच्या पहिल्या भागातच ड्वाइटला कायमचा मॅनेजर करायला हवं होतं. बघा काय होतं ते: सहा-सात वर्षं जिमने खोडी म्हणून ज्याच्या वस्तू जेलीत घातल्या, तोच आता जिमचा साहेब. खोडी काढली तर पगारवाढ अडते, आणि घरी मूल आहे. एका नेमणुकीने जुन्या खोड्यांना किंमत मोजावी लागली असती. सुरंगीने सांगितलेली 'चिअर्स'ची युक्ती हीच. मालिकेने हे केलं, पण नवव्या पर्वाच्या अखेरीला, हातात मोजके भाग उरल्यावर. त्याआधी अँडी करणाऱ्या एड हेल्म्सच्या चित्रपटासाठी अँडीला नावेत बसवून अनेक भाग गायब ठेवलं. म्हणजे मॅनेजरविना ऑफिस चालवून दाखवलं आणि मॅनेजर अनावश्यक होता हे आपणच सिद्ध केलं.

रातांबा:
ड्वाइटबद्दल नाही पटत. त्याचं हसू येतं ते त्याच्या हव्यासामुळे. पहिल्या पर्वापासून तो "असिस्टंट टू द रीजनल मॅनेजर", आणि मधला "टू द" गाळण्यासाठी जिवाचं रान करतो. आठव्याच्या सुरुवातीला खुर्ची दिली की हव्यास संपला, आणि वर अठ्ठेचाळीसेक भाग काढायचे. शेवटी मिळाली म्हणूनच ती नेमणूक डोळ्यांत पाणी आणते.

पेडण्याचो खाजनकार:
दशावतार जवळून बघणाऱ्यांना यातली अडचण चटकन कळेल. आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. राजाच्या भूमिकेत दुसरा नट उभा राहिला की तो स्वतःच्या वकुबाने बोलतो, समोरच्यालाही तसंच उत्तर द्यावं लागतं. कालच्या राजाची वाक्यं आजच्या राजाच्या तोंडी येतच नाहीत. लिखित मालिकेत मात्र येतात. अँडीच्या काळातले भाग कागदावर वाचले तर नाव झाकून मायकलचे वाटतील. एड हेल्म्स गाणारा, बँजो वाजवणारा, वरवर गोड आणि आत राग साठवणारा नट. तिसऱ्या पर्वात त्याने भिंतीत मूठ घातली, तो अँडी मॅनेजर झाला असता तर ऑफिसला भीती वाटली असती. हा रागच लेखकांनी काढून घेतला. नट बदलला की आधी जुन्या लकबी, ठरलेल्या खोलीतले ठरलेले प्रसंग यांची यादी करायची आणि निदान पहिले काही भाग त्यांतलं काहीही वापरायचं नाही.

सुरंगी:
यादीचं पटलं. जेम्स स्पेडरचा रॉबर्ट कॅलिफोर्निया, आठव्या पर्वातला कंपनीचा बडा साहेब, म्हणूनच सुरुवातीला चालला. त्याच्यासमोर कोणाचीच जुनी युक्ती लागू पडत नव्हती. पण त्याला काय हवंय हे पर्वभर ठरलं नाही, नुसतं गूढ बोलणं उरलं.

आता थोडं आपल्याकडचं. गोव्यातल्या मामलेदार कचेरीवर मराठी मालिका लिहायची म्हटलं तर हाच धडा कामाला येईल. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यासाठी फेऱ्या मारणारे लोक, काउंटरवर कोकणी, फायलीत मराठी नि इंग्रजी. भाग १२, जास्त नाहीत. आणि सरकारी कचेरीत माणूस घालवायला अपघात लागत नाही, बदली असते. वाळपईचा साहेब काणकोणला गेला, नवा आला. नट सोडून गेला तरी कथा अडत नाही.

मांडवीकाठ:
बदली सोयीची आहे, पण तिथेच सापळा आहे. कोणीही कधीही जाऊ शकतो म्हटलं की जाण्याचं काही वाटेनासं होतं. बदलीचा हुकूम चौथ्या भागात आणा आणि माणूस दहाव्यात हलवा. मधले सहा भाग तो हुकूम रद्द करून घ्यायला धावतोय, त्याच्या टेबलावर डोळा ठेवून दोघे बसलेत, आणि ज्याची फाईल त्याच्याकडे अडकलीय तो माणूस रोज येतोय. बारा भागांना एवढं पुरतं.

रातांबा:
आणि बाराव्यानंतर वाहिनीने आणखी शंभर मागितले तर नाही म्हणणारा लेखक आधी शोधा.