सागरी टाकीसाठी घरी गोठवलेले खाद्य : पाणी दुधाळ का होते?

खारेपाणी (पुणे): माझ्या 300 लिटरच्या सागरी टाकीत क्लाउनफिशची जोडी, एक टँग आणि काही प्रवाळ आहेत. आयात केलेले गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) कुरियरने येईपर्यंत अर्धे वितळलेले असते, म्हणून मी कोळंबी आणि माकूळ मिक्सरमधून काढून बर्फाच्या साच्यात गोठवले. मात्र एक वडी टाकताच पाणी दुधाळ होते आणि आठवडाभरात काचेवर शेवाळ चढते. चूक कोठे होत असावी? ओला जवळा चालेल का?

भरती-ओहोटी (रत्नागिरी): आपण कोळंबीचा रसही गोठवला आहे, आणि तोच टाकीत नायट्रेट व फॉस्फेट वाढवतो. मिक्सर क्षणभर फिरवून थांबवावा, लगदा होऊ देऊ नये; नंतर तुकडे बारीक गाळणीत घेऊन निवळ पाणी येईपर्यंत आरओच्या पाण्याने धुवावेत. पाकिटातली सोललेली कोळंबी टाळावी, कारण पाणी धरून राहावे म्हणून तिला पुष्कळदा फॉस्फेटचे क्षार लावलेले असतात. ओला जवळा मात्र उत्तम: जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा हा जीव कवचासकट अख्खा देता येतो आणि मिक्सरची गरजच उरत नाही. सुका जवळा नको. त्यात वाळू फार. साच्याऐवजी झिपच्या पिशवीत पातळ थर पसरून गोठवल्यास हवा तेवढाच तुकडा मोडता येतो.

हिरवा_टँग (ठाणे): वरील सूचनांशी सहमत आहे, पण टँग हा मुख्यतः शेवाळ खाणारा मासा आहे, हे यात सुटले. सुशीसाठी मिळणारी, मीठ-मसाला न लावलेली नोरी (वाळवलेल्या सागरी शेवाळाचे पातळ कागद) भिजवून मिसळावी. सगळे बांधून ठेवण्यासाठी मी चायना ग्रास उकळून, कोमट झाल्यावर पण गोठण्याआधी, त्यात तुकडे घालतो. हा थर टाकीच्या तापमानाला विरघळत नाही. केवळ शिंपल्यांवर भिस्त ठेवू नये. अनेक शिंपल्यांत व काही माशांत ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करणारे थायमिनेज असते आणि ते गोठवल्याने निष्क्रिय होत नाही.

प्रवाळवेडा (मुंबई): प्रवाळांसाठी वेगळी पिशवी करावी. मऊ गाबोळी धुऊन सुटी केली की तिचे दाणे बहुतेक मोठ्या तोंडाच्या प्रवाळांना पुरतात. दिवे मालवल्यावर स्पर्शिका बाहेर आल्या की प्रवाहाचा पंप दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवून पिपेटने द्यावे. ज्यांच्या अंगात सहजीवी शैवाल असते त्यांना बरीच ऊर्जा प्रकाशातूनच मिळते, त्यामुळे आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. सन कोरलला मात्र तसे शैवाल नसल्याने त्याला अधिक वेळा भरवावेच लागते. पंप पुन्हा सुरू करायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसले.

खारेपाणी (पुणे): सर्वांचे आभार. जुन्या वड्या टाकून देतो. गाबोळी कोणत्या माशाची घ्यावी?

प्रवाळवेडा (मुंबई): ताजी असेल ती; मीठ-हळद लावण्याआधी बाजूला काढून ठेवण्यास घरी सांगावे लागेल, एवढेच.