इमर्जन्सी कंट्रोल रूममध्ये कॉल घ्यायची नोकरी: पुढं काही आहे का?

रेणापूरची_पोरगी
नमस्कार. मी रेणापूरची, जि. लातूर. बीए झालंय, एमएससीआयटी आणि मराठी 30 टायपिंग आहे. दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागं होते, दोन्ही वेळेस ग्राउंडला थोडक्यात राहिले. आता मैत्रीण सांगायली की इमर्जन्सी नंबरवर कॉल घ्यायला पोरी भरायलेत, कंत्राटावर, पुण्या-मुंबईकडं. पप्पा म्हणले, "हे क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरींसारखंच की." मला तसं वाटत नाही, पण पटवून सांगता येईना. नेमकं काम काय असतं? पाच-दहा वर्षांनी माणूस कुठं पोचतो? आणि माझी बोली गावाकडची आहे, मुलाखतीत अडेल का?

रात्रपाळी
मी अंबाजोगाईची. अशाच एका कंट्रोल रूममध्ये सहा वर्षं हेडफोन घालून बसले. कोणत्या ते राहू दे.

बोलीचं आधी सांगते, कारण मलाबी तीच भीती होती. आपण पहिला प्रश्न "काय झालं?" असा विचारत नाही, "कुठून बोलताय?" असा विचारतो. फोन मधेच कटला तरी ठिकाण हातात असलं की गाडी निघते. स्क्रीनवर लोकेशन येतं, पण दरवेळी नेमकं नाही. टॉवरचं आलं तर काही किलोमीटरचं वर्तुळ दिसतं आणि माणूस त्यात कुठंबी असू शकतो. त्यात समोरचा नुसतं "शिरूर" म्हणतो. शिरूर अनंतपाळ, शिरूर ताजबंद, शिरूर कासार की पुण्याकडचं शिरूर? आपल्याकडच्या पोरीला हे चार लगेच आठवतात, बाकीच्यांना पुण्याकडचंच.

एक कॉल सांगते. जानेवारीतली रात्र, दोन वाजून गेलेले. पोरगा बारा-तेरा वर्षांचा असंल. "आईच्या पोटात लई दुखायलंय, बाळ येणारंय." गाव विचारलं तर "धारूर". मी धारूर टाकलंसुद्धा. मग मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, एक बाई म्हणली, "कोपीत अंधार हाय, बॅटरी धर." कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "बाळा, कोणत्या कारखान्याला आलाव?" तर ते पंढरपूर तालुक्यात, उसाच्या फडावर. गाव विचारलं म्हणून पोरानं आपलं गाव सांगितलं, त्याचं काय चुकलं? मुकादमाला फोनवर घेतलं, त्यानं स्लिपबॉयला, म्हणजे तोडीची स्लिप देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला उठवलं, आणि स्लिपबॉयनं कोणाचा ऊस, कोणता पाट ते सांगितलं. गाडी पोचायच्या आधीच बाळ झालं. तोवर मी कोपीतल्या बाईला एवढंच सांगत होते: ओढू नका, पुसून कोरडं करा, आईच्या छातीवर ठेवून पांघरूण घाला. डॉक्टर लाईनवर जोडलेले होते, शब्द त्यांचे, बोली माझी.

म्हणून मुलाखतीत उगाच पुणेरी बोलायला जाऊ नको.

आता पप्पांसाठी. 112 चा कॉल आधी नवी मुंबईत महापेला किंवा नागपूरला उचलतात. तिथं माहिती भरली की ती घटना जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोलला जाते, आणि गाडी लावणारे डिस्पॅचर तिथले पोलीसच. 108 ची ॲम्ब्युलन्स 2014 पासून आहे, तिच्यात डॉक्टर असतो. म्हणजे कॉल घेणारी कंत्राटी, पण काम सरकारी.

पुढं काय? कॉल घेणारी, मग सीनियर, मग टीम लीडर किंवा कॉल तपासणारी, नाहीतर नव्यांना शिकवणारी. मी शिकवण्यापर्यंत गेले. पण वरच्या जागा मोजक्या, पगार मुंगीच्या पावलानं वाढतो. कंत्राटदार बदलला तेव्हा माझी चार वर्षं कागदावर शून्य झाली, पुन्हा नवीन म्हणून सही घेतली. म्हणून जॉइनिंग लेटर आणि पीएफ नंबर पहिल्या महिन्यातच हातात घे. आणि भरती सोडू नको. उद्या पोलिसात लागलीस आणि कंट्रोलला ड्युटी मिळाली तर हाच अनुभव कामाला येईल.

खोटे कॉल लई येतात. लहान लेकरं, दारुडे, रिचार्ज संपलाय म्हणून कॉल लावणारे. वैताग येतो, पण आवाज चढवायचा नाही, पुढचा कॉल खरा असू शकतो.

बीएएमएस_गाडीवर
मी ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर, परभणी जिल्ह्यात. वरच्या ताईंनी लिहिलंय त्यात एकच जोडतो. आम्हाला "गावाजवळ" असं लिहून आलं की आम्ही मेलो. कोणत्या डीपीपाशी (लाईटच्या ट्रान्सफॉर्मरपाशी), कोणत्या फाट्यावर, रस्त्यावर बॅटरी घेऊन कोण उभं राहणार, एवढं लिहिणारी पोरगी मला हवी. आणि साप चावल्याच्या कॉलला आमची वाट बघताना लोक दोरी करकचून आवळतात, ब्लेडनं चिरतात. ते फोनवर थांबवलं, पाय हलवू दिला नाही, तर आमचं निम्मं काम तिथंच होतं.

रेणापूरची_पोरगी
पप्पाला धारूरचं वाचून दाखवलं. काहीच बोलले नाहीत, नंतर म्हणले, "रात्रीची ड्युटी असती का?" असती का ताई?

रात्रपाळी
असती, नाव बघ की माझं. पाळी फिरती असते. रात्री यायला-जायला गाडी देतात का, ते सही करायच्या आधी विचार, तोंडी सांगितलेलं धरू नको. आणि वाईट कॉलनंतर पाच मिनिटं उठू देतात का, तेबी विचार. आमच्याकडं देत नव्हते. मी बाथरूमला जाते म्हणायचे.