मदत हवी आहे : पोरांच्या धंद्याला मार्क कशावर द्यायचे?

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. यंदा उद्योजकतेचा विषयही माझ्या गळ्यात पडलाय. बिझनेस प्लॅन मागितला की पोरं एका रात्रीत झकास पीपीटी करून आणतात, गिऱ्हाइकाचं तोंड मात्र कुणी पाहिलेलं नसतं. (प्लॅनच्या स्पर्धाच हव्या असतील तर पवईला आयआयटीच्या ई-सेलची (उद्योजकता कक्षाची) युरेका आहेच.) म्हणून प्रत्येक गटाला सेमिस्टरभर खरा धंदा चालवायला सांगितलंय. अमेरिकेतल्या बॅबसन कॉलेजात पहिल्या वर्षाला हे करून घेत आलेत: भांडवल कॉलेजकडून कर्जाऊ, ते फेडायचं आणि नफा समाजकार्याला. आमच्याकडे डिपार्टमेंट गटामागे दोन हजार देणार आहे, तेही परतीच्या बोलीवर.

घोडं अडलंय मार्कांवर. एक गट लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड), सेन्सर, जंपर वायरी आणतो, मिनी प्रोजेक्टचे किट बांधतो आणि ज्युनिअरना विकतो. सबमिशन जवळ आलं की म्हणेल तो भाव. दुसरा गट सोसायट्यांच्या टाक्यांसाठी पाण्याचा अलार्म बनवतोय. प्रोबला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या धातूच्या काड्यांना, सतत डीसी करंट दिल्याने ते पाण्यात झिजून गेले, एका टाकीवरचा अलार्म मध्यरात्री कोकलत बसला, सेक्रेटरींनी चारचौघांत झापलं. आता तीच पोरं रीडिंगपुरताच करंट सोडतायत, स्टीलचे प्रोब लावून बघतायत. पैशाच्या हिशेबात हा गट तोट्यात. माझ्या मते वर्गात सगळ्यात जास्त शिकलेला गट हाच.

नफ्यावर मार्क दिले तर पुढच्या वर्षी सगळेच किट विकतील. रिपोर्टवर दिले तर पुन्हा पीपीटी. माझा विचार असा, की दर आठवड्याला रोजमेळ तपासायचा आणि व्हायवात ‘गिऱ्हाइकाने नाही का म्हटलं’ एवढंच खोदून विचारायचं. पण वर्गात साठ पोरं आणि मी एकटा. कुणी करून पाहिलंय का? टर्मवर्कच्या 25 मार्कांची वाटणी कशी केलीत?

दुसरं, पैसे कुठे जमा करायचे? सध्या यूपीआय एकाच पोराच्या खात्यावर येतं, आणि त्याच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, ‘सर, हे पैसे कसले?’ रास्त प्रश्न आहे. जीएसटीचं टेन्शन नाही, राज्यातल्या राज्यात माल विकायचा तर 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण आमचे अकाउंट्सवाले कॉलेजच्या नावाने पावती फाडू देत नाहीत. तुमच्याकडे स्टुडंट कौन्सिलच्या खात्यातून करतात का? सही कुणाची असते?

मार्कांचा तक्ता असेल तर इथेच टाका, प्लीज.