मोठ्याने वाचण्यासाठीच जणू लिहिलेले पुस्तक

नाताळच्या सुट्टीत घरातल्या मोठ्यांनी वाचून दाखवलेल्या पुस्तकांच्या आठवणी अनेक वाचक सांगतात. त्यांत माझ्याकडून भर इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'ची, म्हणजे कंजूष स्क्रूजला नाताळच्या वेळी एक भूत आणि मग तीन आत्मे भेटतात त्या कथेची. १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाच्या ६,००० प्रती नाताळापूर्वीच संपल्या होत्या. पुढे १८५३ च्या डिसेंबरात डिकन्सने बर्मिंगहॅमच्या टाऊन हॉलमध्ये ते स्वतः श्रोत्यांपुढे वाचले, त्यातले एक वाचन खास कष्टकऱ्यांसाठी कमी तिकिटात ठेवण्याचा आग्रह धरला, आणि मार्च १८७० मधल्या अखेरच्या जाहीर वाचनातही हीच कथा निवडली.

पुस्तकाचे पाच भाग असल्याने आमचे वडील रोज रात्री एकच भाग वाचत, आधी इंग्रजी आणि लगेच मराठीतून, त्यामुळे साखळीला किल्ल्या, कुलपे, हिशेबाच्या वह्या आणि पैशांच्या पेट्या अडकवून फिरणारे मार्लेचे, म्हणजे स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचे, भूत आम्हांला दोनदा भेटत असे. (आईच्या मते एकदाच पुरेसे होते.) सर्वांत प्रभावी मात्र तिसरा आत्मा, कारण तो एक शब्दही बोलत नाही, केवळ हाताने दाखवतो, तेथे वडील वाचन थांबवून नुसते बोट पुढे करीत, आणि स्क्रूजचे एकतर्फी प्रश्न ऐकताना आमची जी अवस्था होई, ती मुकाट्याने वाचताना मला पुन्हा कधीच अनुभवता आली नाही. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत बरीच वर्णने गाळली जातात, म्हणून घरी वाचून दाखवायचे असल्यास मूळ पुस्तकच घ्यावे.