बंबात चार्जर पक्का बसवावा की भरलेल्या जादा बॅटऱ्या ठेवाव्यात? वॉकीटॉकीवाल्यांनी मत द्या

सारथी_बंब
आमच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन बंबात चार वॉकीटॉकी सेट असतात. चार्जर मात्र केंद्रावर, हजेरीच्या टेबलाशेजारी. वर्दी आली की हाताला लागेल तो सेट उचलून गाडीत बसायचं. पहिल्या वर्दीला सगळं ठीक असतं. परतीच्या वाटेवरून दुसरीकडे वळावं लागलं की एकेक सेट टूं-टूं करायला लागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक बंबात, रुग्णवाहिकेत चार्जर गाडीलाच पक्का बसवा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. हातात नसेल तेव्हा सेट त्या खोबणीतच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वीज गेली, मोबाइलही गेले. अशा वेळी भिंतीवरचं सॉकेट काय कामाचं? इंजिन चालू असलेली गाडी हीच आपली वीज.

सेटदुरुस्ती
दादा, तळमळ पटते, उपाय पटत नाही. सेट पूर्ण भरल्यावरही चार्जर थोडा करंट खातोच. चार चार्जरचे प्रत्येकी ५० मिलिअँपिअर धरा, दिवसाला जवळपास ५ अँपिअर-तास झाले. छोट्या गावात बंब आठवडाभर हलत नाही, म्हणजे ३० च्या वर गेले. मग वर्दी येते, सेल्फ मारता आणि गाडी उठत नाही. वॉकीटॉकी भरलेली आणि बंब जागेवर!

दुसरं, उष्णता. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका, असं बहुतेक कंपन्या सांगतात. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची केबिन ती मर्यादा सहज ओलांडते. आणि खड्ड्यांतून जाताना सेट उडतो, पिन क्षणभर सुटते, चार्जरला वाटतं नवा सेट आला, तो पुन्हा पहिल्यापासून भरायला लागतो. जुन्या निकेलच्या बॅटऱ्या याच प्रकारात फुगून येतात माझ्याकडे.

सारथी_बंब
तुम्ही सांगता ते वाईट जोडणीचे दोष आहेत. मधे रिले टाका, म्हणजे इग्निशन बंद की चार्जर बंद. केंद्रावर उभ्या बंबाला २३० व्होल्टची वायर लावून गाडीची बॅटरी भरती ठेवा. गाडी निघाली की आपोआप सुटणारे प्लग मिळतात. चार्जरला क्लिप असलेली खोबण घ्या, सेट उडणार नाही.

खरी गडबड वेगळीच होते. बंब २४ व्होल्टचा, चार्जर आणतात १२ चा. मग दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर काढतात. ती एकटी उतरत राहते, दुसरी जास्त भरली जाते, वर्षभरात दोन्ही बाद. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर आणि चार्जरला वेगळा फ्यूज, एवढं केलं तर हे टळतं.

डोंगरवाट
मी शोध-बचावातला स्वयंसेवक. इर्शाळवाडीची दरड पडली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिथवर गाडीरस्ताच नव्हता, सगळी माणसं पायथ्यापासून पावसात चढून गेली. अशा ठिकाणी सेट माणसासोबत वर जातो, गाडीतला चार्जर खालीच राहतो.

आता हिशोब बघा. कंपनी बॅटरीचे तास सांगते ते ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के नुसतं चालू, असं धरून. ५ वॉटचा सेट बोलताना साधारण दीड अँपिअर घेतो. २००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी त्या हिशोबाने १२-१३ तास जाते. पण घटनास्थळी वेळेच्या पाचव्या भागात बोलणं आणि त्याच्या दुप्पट ऐकणं झालं, तर तीच बॅटरी साडेचार तासांत संपते. उरलेल्या रात्रीचं काय? मला खिशात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली भरलेली बॅटरी हवी. पैसे त्यावर खर्च करा.

रात्रपाळी
मी रुग्णवाहिकेवर नर्स आहे. डोंगरवाट दादांचं त्यांच्या कामापुरतं बरोबर असेल, पण जादा बॅटऱ्यांचं आमच्याकडे काय होतं ते सांगते. भरलेली कुठली, उतरलेली कुठली, कुणालाच ठाऊक नसतं. पाळी बदलली की ड्रॉवरमधून एक उचलायची आणि देवाचं नाव घ्यायचं. मागून रुग्ण कण्हत असतो, पुढे घाट, आणि रुग्णालयाला आगाऊ कळवायचं असतं. त्या वेळी बॅटरी बदलत बसायला माझा हात मोकळा नसतो. खोबणीतून उचललेला सेट भरलेलाच असणार, हा भरवसा मला जास्त मोलाचा. माझं मत सारथींना.

सेटदुरुस्ती
ताई, तो भरवसाच तर मला धोक्याचा वाटतो. हिरवा दिवा सांगतो की बॅटरीत आता आणखी मावत नाही. किती मावलं, हे तो सांगत नाही. म्हातारी बॅटरी लवकर हिरवी होते, आणि दोन वाक्यं बोललात की मान टाकते. म्हणून प्रत्येक बॅटरीवर वापरात घेतल्याची तारीख मार्करने लिहा, आणि अधूनमधून क्षमता मोजून घ्या. ८० टक्क्यांच्या खाली गेली की ती बंबात नको, कार्यालयात वापरा.

आणि कोकणवाल्यांनी पावसाळ्यात पिना पाहा. दमट हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो, सेट रात्रभर चार्जरवर असतो आणि भरत काहीच नाही. साध्या खोडरबराने घासल्या तरी फरक पडतो. ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जला लावू नका’ हा नियम निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला तो लावू नका, नुकसानच होतं.

सारथी_बंब
तारीख लिहिण्याचं उद्याच सुरू करतो. डोंगरावर जाणाऱ्यांना जादा बॅटऱ्या हव्यातच, त्यालाही माझी ना नाही. पण बंबातला चार्जर मी सोडणार नाही. शहरात, वाडीवस्तीवर आमची बहुतेक कामं गाडीपासून पाइपाच्या लांबीइतक्याच अंतरावर असतात, आणि पंप चालवायला इंजिन तासन्‌तास चालू असतं. त्या विजेवर सेट का भरू नयेत?

नवा बंब घेताना निविदेत पंप, शिडी, टाकी यांचं मापन्‌माप लिहिलेलं असतं. चार्जरचा उल्लेखही नसतो. मग गाडी आल्यावर बाजारातला इलेक्ट्रिशियन डॅशबोर्ड फोडून वायर ओढतो. ज्यांच्या पालिकेने निविदेतच कन्व्हर्टर, रिले आणि खोबणी मागितल्या असतील, त्यांनी तो मजकूर इथे टाका. आमच्या मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवायचा आहे.

डोंगरवाट
मजकूर मिळाला तर त्यात एक ओळ वाढवा: प्रत्येक सेटमागे दोन बॅटऱ्या, आणि जादा बॅटरी भरायला त्याच चार्जरमध्ये वेगळी खोबण.